सदुसष्ट विरुद्ध चौदा : शारदा कायद्याची गोष्ट

बचत गटांतल्या सगळ्या ताई, माई, आज्या आणि रेडिओजवळ बसलेल्या आपल्या पोरींनो, आज मी तुम्हाला एका मतदानाची गोष्ट सांगणार आहे. हे मतदान २३ सप्टेंबर १९२९ रोजी सिमल्याला झालं. मत देणारे सगळे पुरुष होते आणि प्रश्न होता मुलींच्या लग्नाचा. बाजूनं ६७ मतं पडली, विरोधात १४. त्या दिवशी आपल्या देशाच्या कायदेमंडळानं पहिल्यांदा ठरवलं की अमुक वयाच्या आत मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे.

आज आपण ‘मुलीचं अठरा, मुलाचं एकवीस’ हे पाढ्यासारखं म्हणतो. गटाच्या बैठकीत शपथ घेतो, भिंतीवर रंगवतो. पण हे वय आलं कुठून? ते कुणी मागितलं आणि ज्यांना ते नको होतं त्यांना मत द्यायला कुणी आणि कसं भाग पाडलं? ही गोष्ट आपल्याला माहीत असायला हवी, कारण त्यात आपल्यासारख्याच बायकांनी सह्या गोळा करून, शिष्टमंडळं नेऊन, दारं ठोठावून केलेलं काम आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू या. या कायद्याला आपल्याकडं ‘शारदा कायदा’ म्हणतात. नाव ऐकलं की जुन्या बायकांना देवलांचं ‘संगीत शारदा’ नाटक आठवतं. त्यातल्या शारदेचं लग्न म्हाताऱ्याशी लावायला निघालेले असतात, म्हणून पुष्कळांना वाटतं कायद्याला तिचंच नाव दिलं. तसं नाही. नाटक १८९९ सालचं. कायद्याचं नाव आलं ते अजमेरचे हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून. विधेयक त्यांनी मांडलं होतं. सारडाचं आपल्या तोंडी शारदा झालं. योगायोग मात्र छान जमला.

आता थोडं मागं जाऊ. १८६० साली इंग्रजांनी भारतीय दंड संहिता केली. त्यात नवऱ्यानं बायकोशी शरीरसंबंध ठेवायला किमान वय लिहिलं होतं, ते होतं दहा वर्षं. हो, दहा. आपल्या चौथी-पाचवीतल्या पोरीचं वय. लग्नाला तर वयाची अटच नव्हती. पाळण्यात लग्न लागलं तरी ते कायद्याला मान्य.

१८८४ साली मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न लावून दिलेलं. त्या माहेरीच वाढल्या, शिकल्या आणि मोठ्या झाल्यावर म्हणाल्या, मी या माणसाकडं नांदायला जाणार नाही. नवऱ्यानं दावा लावला. १८८७ साली कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडं जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढं १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. त्या विलायतेला गेल्या, डॉक्टर होऊन परत आल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी बायकांचे दवाखाने सांभाळले. पण त्यांच्या नकारानं एक प्रश्न सगळ्या देशापुढं आला. जे लग्न मुलीला न विचारता, कळायच्या आत लावलं, ते तिच्यावर बंधन कसं?

नंतर १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली. नवरा तिशीच्या पुढचा. मुलगी दहाच्या वरची म्हणून कायद्यानं तो बलात्कार ठरला नाही. हे ऐकून देश हादरला. ५५ महिला डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडं अर्ज दिला आणि दवाखान्यात आलेल्या लहान बायकांच्या जखमांची यादीच त्यात जोडली. शेवटी १९ मार्च १८९१ रोजी संमतिवयाचा कायदा झाला. दहाचं वय बारा झालं.

त्या कायद्याला आपल्या महाराष्ट्रात मोठा विरोध झाला. लोकमान्य टिळक विरोधात होते. त्यांचं म्हणणं असं, की परक्या सरकारनं आमच्या घरात आणि धर्मात हात घालू नये, सुधारणा समाजानं आपणहून करावी. त्यांनी सुधारकांना सुचवलंही होतं की, तुम्हीच आधी करार करा, मुलींची लग्नं सोळाच्या आत आणि मुलांची विसाच्या आत करणार नाही म्हणून. रानडे, भांडारकर, तेलंग ही मंडळी कायद्याच्या बाजूची. परक्या सरकारबद्दलचा टिळकांचा राग खोटा नव्हता. पण त्या सगळ्या वादात एक गोष्ट राहून गेली. ज्या मुलीचं लग्न होतं, तिनं वाट किती पाहायची?

१८९१ साली कायदा करणं व्हाइसरॉयच्या हातात होतं, कारण त्यांच्या कौन्सिलात लोकांनी थेट निवडून दिलेला कुणी नव्हता. त्यांनी ठरवलं की झालं. बडोद्याला सयाजीराव महाराजांनीही १९०४ साली आपल्या संस्थानात बालविवाहाला बंदी घातली, मुलीला बारा आणि मुलाला सोळा वय ठरवलं. राजा होता, त्यानं हुकूम काढला. मतं मागायची गरज नव्हती.

१९२९ पर्यंत मात्र चित्र बदललं होतं. दिल्लीत मध्यवर्ती कायदेमंडळ आलं होतं. त्यात सुमारे १४५ सभासद, शंभरावर निवडून आलेले आणि बाकीचे सरकारनं नेमलेले. नेमलेल्यांतले पंचवीस-सव्वीस तर थेट सरकारी अधिकारी. सभागृहाचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल होते. व्हाइसरॉय, म्हणजे गव्हर्नर जनरल, होते लॉर्ड आयर्विन. आता ते नुसता हुकूम काढून लग्नाचा कायदा करू शकत नव्हते. सभागृहात मत पडायला हवं होतं.

पण मैत्रिणींनो, मत त्यांच्या हातात नसलं तरी मतापर्यंत जायची वाट त्यांच्याच अंगणातून जात होती. हे जरा नीट समजून घेऊ, कारण खरी मेख इथंच आहे.

आपल्या ग्रामसभेचं उदाहरण घ्या. दारूबंदीचा ठराव व्हावा असं शंभर बायकांना वाटतं. पण विषयपत्रिकेवर तो विषयच आला नाही, तर? शेवटच्या ‘ऐनवेळच्या विषयां’त टाकला आणि तोवर अर्धी सभा उठून गेली, तर? कुणी विरोध केला नाही, कुणाचं वाकडं झालं नाही, पण ठरावही झाला नाही. आपल्याला हे चांगलं ठाऊक आहे.

तिथंही तसंच होतं. धर्माशी, रूढीशी संबंधित विधेयक मांडायचं तर आधी गव्हर्नर जनरलची परवानगी लागायची. हे झालं पहिलं दार. परवानगी मिळाली, तरी साध्या सभासदाच्या विधेयकाला अधिवेशनात मोजकेच दिवस मिळत. सरकारला घाई नसेल तर विधेयक भिजत घोंगडं होऊन पडे. हे दुसरं दार. तिसरं दार त्या पंचवीस-सव्वीस सरकारी मतांचं. हे अधिकारी सरकार सांगेल तसं मत देत. चुरशीच्या प्रश्नात पंचवीस मतं म्हणजे थोडी नव्हेत. आणि सभागृहानं मंजूर केलं तरी शेवटची सही गव्हर्नर जनरलचीच. म्हणजे त्यांनी मनात आणलं तर सभासदांना मत देण्यापर्यंत आणता येई, आणि मनात नसलं तर एकही शब्द विरोधात न बोलता विषय मारता येई.

सुरुवातीला सरकारच्या मनात नव्हतं. हरबिलास सारडांनी १ फेब्रुवारी १९२७ रोजी विधेयक मांडलं. त्यात मुलीचं वय बारा आणि मुलाचं पंधरा होतं, आणि ते फक्त हिंदूंसाठी होतं. इंग्रज सरकारला १८९१ चा गोंधळ आठवत होता. धर्माच्या भानगडीत पडलं की लोक खवळतात, सनातनी मंडळी दुखावतात, आणि तीच मंडळी बऱ्याचदा सरकारच्या बाजूची. मग कशाला हात घाला, असा हिशोब.

हा हिशोब बदलला कुणी? मोठा वाटा बायकांचा.

१९२७ च्या जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. परिषद खरं तर मुलींच्या शिक्षणासाठी भरली होती. देशभरातून बायका आल्या आणि चर्चा सुरू झाली की मुली शाळेतून का गळतात. उत्तर सगळीकडचं एकच आलं, लग्न. शाळा काढा, बाई नेमा, पुस्तकं द्या, पण अकराव्या वर्षी पोर सासरी गेली तर शिकवायचं कुणाला? म्हणून शिक्षणाच्या परिषदेत लग्नाच्या वयाचा ठराव झाला. त्यांनी वय मागितलं सोळा. सारडांच्या विधेयकात बाराच होतं. सभागृहातले पुरुष जिथं थांबले होते, त्याच्या चार पावलं पुढं बाया उभ्या राहिल्या.

आणि ठराव करून त्या घरी गेल्या नाहीत. गावोगाव, शहरोशहरी महिला मंडळांच्या सभा झाल्या, सह्या गोळा झाल्या, तारा गेल्या. मद्रासच्या कौन्सिलात डॉक्टर मुथुलक्ष्मी रेड्डी होत्या, आपल्या देशातल्या पहिल्या महिला आमदारांपैकी एक. त्यांनी तिथं १९२८ साली लग्नाचं वय वाढवण्याचा ठराव मांडला. त्याच वर्षी दिल्लीत परिषदेचं दुसरं अधिवेशन झालं. अध्यक्षपदी भोपाळच्या बेगमसाहेबा होत्या. म्हणजे हा काही एका जातीचा, एका धर्माचा प्रश्न राहिला नव्हता. दिल्लीतून मंडीच्या राणीसाहेबांच्या पुढारपणाखाली बायकांचं शिष्टमंडळ थेट व्हाइसरॉयना भेटलं. निरनिराळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनाही त्या भेटल्या. विधेयकाची चर्चा असे तेव्हा बायका प्रेक्षकांच्या गॅलरीत जाऊन बसत. बाहेर फलक घेऊन उभ्या राहत. त्यांचं सांगणं सरळ होतं, या विधेयकाला विरोध केलात तर जग तुम्हाला हसेल.

हे ‘जग हसेल’ नुसतं बोलणं नव्हतं. १९२७ साली कॅथरिन मेयो नावाच्या अमेरिकन बाईचं ‘मदर इंडिया’ हे पुस्तक आलं होतं. भारतात लहान मुलींची लग्नं होतात, हे लोक स्वराज्याला लायक नाहीत, असा त्याचा सूर. आपल्याकडं त्या पुस्तकावर संताप झाला आणि तो योग्यच होता. पण आपल्या बायकांनी फार शहाणपण केलं. पुस्तकाचा निषेध केला आणि सभासदांना म्हणाल्या, आता मत देऊन दाखवा. इंग्रज सरकारही पेचात सापडलं. इतकी वर्षं ते सांगत होतं की हिंदी लोकांनाच सुधारणा नको आहे. आता हिंदी सभासदाचं विधेयक आणि हिंदी बायकांचं शिष्टमंडळ दारात उभं. आता सुधारणा कोण अडवतंय?

तरी वेळ काढणं चालूच होतं. सभागृहाच्या समितीनं विधेयकात चांगले बदल केले. मुलीचं वय चौदा आणि मुलाचं अठरा केलं आणि कायदा सगळ्या धर्मांना लागू केला. मग सरकारनं १९२८ साली आणखी एक समिती नेमली, संमतिवयाच्या चौकशीसाठी. अध्यक्ष अमरावतीचे वकील सर मोरोपंत जोशी. तिचा अहवाल येईपर्यंत थांबा म्हणून १९२९ च्या जानेवारीत विधेयक पुन्हा पुढं ढकललं गेलं. ‘समिती नेमली आहे, अहवाल येऊ द्या’ हे आपण आजही किती वेळा ऐकतो!

पण ही समिती वेळ काढायला नेमली होती असं धरलं, तरी तिचा उपयोग उलटाच झाला. समितीत रामेश्वरी नेहरूंसारख्या बाई होत्या. समिती देशभर फिरली, डॉक्टरांच्या, शिक्षकांच्या, शास्त्री-मौलवींच्या आणि बायकांच्या साक्षी घेतल्या. बायकांच्या संघटनांनी ही संधी सोडली नाही. त्यांनी आपल्या बायका साक्षीला उभ्या केल्या. लहान वयातलं बाळंतपण, दगावणाऱ्या आया, मरणारी पोरं, कोवळ्या वयात आलेलं विधवापण, हे सगळं सरकारी कागदावर आलं. आणि अहवालानं सांगितलं की नुसत्या संमतिवयानं भागत नाही, मुलीच्या लग्नालाच चौदाची अट घाला.

आता सरकारला पळवाट उरली नाही. त्यांच्याच समितीनं सांगितलं होतं. सप्टेंबरात सरकारनं विधेयकाला पाठिंबा दिला आणि सरकारी मतं बाजूला पडली. सभागृहात विरोध होताच. मद्रासचे एम. के. आचार्य यांच्यासारखे सभासद धर्मशास्त्राचा आधार घेऊन लढले. मुस्लिम सभासदांतूनही विरोध होता, पण महंमद अली जिनांनी पाठिंबा दिला. मतं मोजली, ६७ विरुद्ध १४. पुढं २८ सप्टेंबरला वरच्या सभागृहात मंजुरी आणि १ ऑक्टोबरला गव्हर्नर जनरलची संमती.

इथं थांबून एक बघा. सभागृहात सुमारे १४५ जण. विरोधात उघड मत द्यायला उरले किती? चौदा. दोन वर्षं जो विषय ‘लोकांना नको आहे’ म्हणून रखडला, त्याला प्रत्यक्ष हात मोजायची वेळ आली तेव्हा विरोधाची संख्या एवढीच निघाली. म्हणून मतदान मागायचं असतं. मत पडेपर्यंत प्रत्येक जण ‘बघू, करू’ म्हणतो. मत पडलं की कोण कुठल्या बाजूला बसलं, ते इतिवृत्तात लिहिलं जातं.

गोष्ट इथं संपली असती तर गोड झाली असती. पण संपत नाही.

कायदा लागू व्हायची तारीख ठेवली १ एप्रिल १९३०. म्हणजे मध्ये सहा महिने. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण इथं अक्षरशः खरी झाली. त्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची घाई उडाली. कायद्याच्या आत उरकून टाका म्हणून अगदी लहान लहान मुलींची लग्नं लागली. १९३१ च्या जनगणनेत लग्न झालेल्या लहान मुलींची संख्या आधीपेक्षा बरीच वाढलेली दिसली. ज्यांच्यासाठी कायदा केला, त्यांतल्या कितीतरी जणी कायद्याच्या दारातच चिरडल्या गेल्या.

कायद्याला दातही कमीच होते. शिक्षा म्हणजे जास्तीत जास्त एक महिना साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लागलेलं लग्न रद्द होत नव्हतं. पोलीस आपणहून येत नव्हते, कुणीतरी कोर्टात फिर्याद करायची. ती वर्षाच्या आत करायची, तीही जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटकडं. आणि फिर्याद करणाऱ्याकडूनच शंभर रुपयांपर्यंत हमी मागायची सोय. त्या काळचे शंभर रुपये! खेड्यातली कुठली आई, कुठली मावशी एवढी हमी भरून तालेवार सोयऱ्याविरुद्ध जिल्ह्याला जाईल? सिमल्याला ६७ मतं मिळाली, पण गावातलं एक मत, म्हणजे फिर्याद करणाऱ्या माणसाचं, ते मिळवायची सोय कायद्यात नव्हती.

१९३८ साली दुरुस्ती होऊन, होऊ घातलेलं लग्न थांबवायचा मनाईहुकूम कोर्टाला देता येऊ लागला. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुलीचं वय पंधरा झालं. १९७८ साली अठरा आणि मुलाचं एकवीस. बारापासून अठरापर्यंत यायला विधेयक मांडल्यापासून पन्नास वर्षं लागली. बायकांनी पुण्यात सोळा मागितलं होतं, ते ओलांडायलाही तेवढीच वर्षं गेली.

मधल्या काळात आणखी एक मोठी घटना झाली. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री असताना त्यांनी हिंदू कोड बिल पुढं आणलं. त्यात लग्न, घटस्फोट, वारसा, दत्तक असं सगळं होतं. तेव्हा तर आपलंच सरकार होतं. तरी विधेयक लांबत गेलं, चर्चा झाली आणि निर्णायक मत काही होईना. १९५१ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याच्या कारणांत हे रखडलेलं विधेयक मोठं कारण होतं. पुढं १९५५-५६ साली तेच विषय तुकड्यातुकड्यांनी कायदे होऊन आले. सत्तेवर आपला माणूस असला, त्याची तळमळ खरी असली, तरी बाहेरून रेटा नसेल तर सभागृहात मत होत नाही, हे यातून दिसतं.

अगदी अलीकडचं सांगायचं तर मुलीचं लग्नाचं वय एकवीस करायचं विधेयक २०२१ च्या डिसेंबरात लोकसभेत आलं, समितीकडं गेलं आणि २०२४ साली ती लोकसभा संपली तसं संपून गेलं. एकवीस असावं की नसावं यावर आपल्यातही दोन मतं आहेत, ती असू द्या. पण त्यावर मतदान झालंच नाही, हे ध्यानात ठेवा.

आता आपल्या अंगणात येऊ. आज आपल्याकडं २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे. तो १९२९ च्या कायद्याची जागा घेऊन आला. त्याचे दात आधीपेक्षा बळकट आहेत. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लग्न लावणारे, ठरवणारे, त्यात भाग घेणारेही सापडतात. आणि मुख्य म्हणजे, लहानपणी लग्न झालेल्या मुलीला ते रद्द करून घेता येतं. ती सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे वीस पूर्ण होईपर्यंत, जिल्हा न्यायालयात अर्ज करू शकते. रखमाबाईंना जे मिळालं नाही, ते आज आपल्या लेकीला मिळू शकतं. शंभर रुपयांची हमीही भरावी लागत नाही. गावात ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि १०९८ या क्रमांकावर फोन फुकट लागतो.

तरीसुद्धा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांमागं जवळपास बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. ही पाहणी काही शंभर वर्षांपूर्वीची नाही. या बावीस जणी आपल्या गटांत बसतात, आपल्याबरोबर हप्ता भरतात.

कारणं आपल्याला ठाऊक आहेत. ऊसतोडीला सहा महिने जायचं तर वयात आलेली पोर कुठं ठेवायची? सातवीनंतरची शाळा दुसऱ्या गावाला आणि एसटी वेळेवर नाही. पुढं हुंडा वाढेल. एका लग्नाच्या मांडवात दोन पोरी उरकल्या की खर्च वाचतो. आई वाईट असते म्हणून हे होत नाही, आई घाबरलेली असते म्हणून होतं. म्हणून नुसती कायद्याची भीती घालून भागत नाही. १९२७ च्या पुण्यातल्या बायकांनी हे ओळखलं होतं. त्यांनी शाळा आणि लग्न एकाच ठरावात बांधलं. आपणही तेच करायला हवं. मुलीचं लग्न पुढं ढकला म्हणताना तिच्या शाळेची, वसतिगृहाची, एसटीची मागणीही त्याच कागदावर लिहायची.

मग आपण काय करायचं? येत्या मासिक बैठकीत प्रत्येक गटानं एक ठराव घ्या. आपल्या गावातल्या आठवी ते बारावीच्या मुलींची यादी करायची, कोण शाळेत जाते आणि कुणाचं नाव गळलंय ते बघायचं. जिचं नाव गळलं, तिच्या घरी दोघी-तिघींनी मिळून जायचं, धमकी द्यायला नव्हे, अडचण विचारायला. तो ठराव ग्रामसंघात न्यायचा. तिथून लेखी अर्ज करून ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावायचा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. आणि ग्रामसभेत विषय आला की ‘सर्वानुमते’ म्हणून घाईनं पुढं जाऊ द्यायचं नाही. हात वर करायला सांगायचं, मोजायला लावायचं आणि आकडा इतिवृत्तात लिहून घ्यायचा. सरपंच ताई असोत की भाऊ, त्यांना हे करायला भाग पाडणं आपल्या हातात आहे.

आणि लग्नाची कुणकुण लागली तर १०९८ ला फोन करायचा. एकटीला भीती वाटत असेल तर गटानं मिळून करायचा. १९२९ च्या कायद्यात राहून गेलेली ती एक जागा, गावातल्या फिर्यादीची, आपल्याला भरता येते. तेव्हा सिमल्यात बायका गॅलरीत बसून बघत होत्या, त्यांना मत नव्हतं. आपल्याला ग्रामसभेत मत आहे. पुढच्या ग्रामसभेची तारीख आजच विचारून ठेवा.